पडद्याआडचा सूत्रधार



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी आम्ही एका अमेरिकन गृहस्थाचे चरित्र निवडले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु रायपुरात राहून पन्नास वर्षे उत्सव चालविणाऱ्या मंडळास सतरंज्या, पाणी आणि शिधा यांचे मोल सांगावयास नको. बेयर्ड रस्टिन हे अशाच कामाचे धनी होते.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे अडीच लाख लोक कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनला जमले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे त्या दिवशीचे भाषण जगाला ठाऊक आहे. मात्र गाड्या, शौचालये, ध्वनिक्षेपक यांची जुळणी जेमतेम दोन महिन्यांत केली ती रस्टिन यांनी. उन्हात नासेल असे खाणे आणू नये, इथवर सूचना होत्या!

१९१२ साली जन्मलेल्या रस्टिन यांना क्वेकर संस्कारांत वाढलेल्या आजीने घडविले. युद्ध निषिद्ध मानणारा हा पंथ आपणांस अगदीच परका नाही. जुन्या मध्यप्रांतात होशंगाबादेस त्याचे कार्य होते. सैन्यभरती नाकारून रस्टिन तुरुंगात गेले. गांधीमार्ग समजून घेण्यास १९४८ साली भारतात आले. १९५६ मध्ये किंग यांच्या घरी संरक्षणासाठी बंदुका असत. अहिंसा हे जीवनव्रत आहे, हे किंग यांच्या मनावर ठसविण्यात रस्टिन यांचा वाटा मोठा.

असा माणूस मागे का राहिला? रस्टिन समलिंगी होते आणि ते लपवीत नसत. १९५३ मध्ये त्यावरून अटक झाली, हातचे काम गेले. १९६० मध्ये तर स्वकीयांच्याच धमकीमुळे किंग यांची साथ सोडावी लागली. मोर्चापूर्वी एका सिनेटरने भर सभागृहात जुने प्रकरण उकरले. या वेळी मात्र वयोवृद्ध कामगारनेते रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

१९८७ मध्ये रस्टिन वारले. सर्वोच्च नागरी सन्मान २०१३ मध्ये मिळाला, तर १९५३ च्या शिक्षेची माफी २०२० मध्ये. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले ते २०१८ मध्ये.

त्याच्या पुष्कळ आधी, केवळ कुजबुज ऐकून, एका कर्तबगार सहकाऱ्याचे नाव आम्ही बढतीच्या शिफारशीतून गाळले होते. कारण कागदावर लिहिले नाही. निरोपसमारंभात त्याने आम्हांस वाकून नमस्कार केला. त्यास हे ठाऊक होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही.