घरची सुई, घरचा दोरा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘गृहशोभा आणि टापटीप’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक. शिवणकामाचे शास्त्र आम्ही कोठे शिकलो नाही. तथापि शाळेत कार्यानुभवाचे तास अनेक वर्षे घेतल्यामुळे सुई, दोरा आणि कात्री यांच्याशी आमचा परिचय आहे. तेवढ्या भांडवलावर हे धाडस करीत आहोत. आपण गोड मानून घ्यावे.

हाताच्या कामाला मान देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले, तेथे स्त्रियांना अक्षरांबरोबर हस्तव्यवसायही शिकविले गेले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्माजींनी उद्योगातून शिक्षण ही कल्पना देशापुढे ठेवली. हे सर्व आम्ही वर्गात तोंडपाठ शिकवीत होतो. स्वतःच्या घरात मात्र आमचे वर्तन निराळे होते. ती कबुली आज येथे द्यावयाची आहे.

नोकरीस लागून आम्हांस दोनच वर्षे झाली होती. एके दिवशी मुख्याध्यापक घरी येणार असा निरोप आला. ओसरीवर आमच्या मातोश्रींनी शिवलेली गोधडी अंथरलेली होती. वडिलांचे धोतर, आत्याचे लुगडे, आमचा शाळेतला सदरा, सगळे तीत होते. आम्ही ती घाईने गुंडाळून माळ्यावर टाकली आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेली छापील चादर घातली. मातोश्रींनी ते पाहिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पाहुण्यांना चादर घाल हो बाळ. थंडी वाजेल तेव्हा मात्र वर हात घाल.” त्यानंतर त्यांनी नवी गोधडी शिवावयास घेतली नाही. कारण आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवती निवर्तल्या. मागे त्यांची लुगडी पेटीत राहिली. सूनबाईंनी अदबीने विचारले, “मामंजी, बोहारीण आली आहे, ही देऊन स्टीलचा डबा घेऊ का?” त्यांचे काही चुकले नव्हते. पण आमच्या तोंडून “नको” असे निघून गेले, आणि त्याच दिवशी आम्ही, वयाच्या साठीनंतर, गोधडी शिवावयास बसलो. नात सुईत दोरा ओवून देई, आम्ही टाके घालीत असू. ते काम कसे केले, ते आता सांगतो.

एक नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले म्हणजे प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून थोडा अधिक भरतो. ते एकावर एक ठेवले की एका माणसाच्या गोधडीचे चार थर झाले. दोन लुगडी घेतली तर आठ थर होतात. एवढी ऊब पुष्कळ झाली. कापड सुतीच घ्यावे. कृत्रिम धाग्याची साडी थरांतून घसरते आणि घाम शोषीत नाही. कापड प्रथम धुऊन कडक उन्हात वाळवावे. विरलेले तुकडे आत, धडके तुकडे बाहेर ठेवावेत. जमिनीवर पसरून सुरकुत्या काढाव्यात आणि सर्वत्र लांब लांब कच्चे टाके घालावेत. या ठिकाणी आळस केला तर पुढे मधोमध फुगा येतो; आम्हांस आला, आणि दोन दिवसांचे काम उसवावे लागले. नंतर जाड सुती दोऱ्याने काठापासून आत आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालीत जावे. शेवटी कच्चे टाके काढून टाकावेत.

वस्त्रांविषयीही थोडे सांगतो. सदऱ्याची कॉलर घडीवर विरली म्हणजे आपण सदरा टाकून देतो. ती कॉलर पट्टीपासून उसवून, उलटी करून पुन्हा बसविली तर सदरा आणखी काही वर्षे सहज चालतो. गुळेदगुड्डचा खण आपल्या घरांत ओटी भरण्याच्या निमित्ताने येतो आणि कपाटात पडून राहतो. साध्या सुती कापडाच्या उशीच्या अभ्र्याला त्याची चार बोटांची पट्टी लावून पाहावी, बैठकीची कळा पालटते. मात्र आधी खणाचा कोपरा भिजवून पांढऱ्या कापडावर दाबावा. रंग उतरत असेल तर तो पांढऱ्या वस्त्राला जोडू नये. घरात जुनी पैठणी असल्यास ती मलमलीत गुंडाळावी आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे जर एकाच मोडीवर तुटत नाही. जरीवर अत्तर मात्र कधी उडवू नये.

आता एक कटु गोष्ट. रुखवत हे पूर्वी मुलीच्या हातचे कौशल्य दाखविण्याचे साधन होते. मैत्रिणी, मावश्या, आत्या मिळून ते करीत. आज तेच रुखवत अनेक ठिकाणी तयार विकत आणले जाते आणि त्याचा बोजा वधूपित्यावर पडतो. जी वस्तू कोणाच्या हातची नाही, तिचे कौतुक कोणाचे करावयाचे? आमची विनंती एवढीच, की रुखवत मांडावयाचेच असेल तर त्यात घरी केलेल्या पाचच वस्तू असाव्यात, आणि त्यांतील एखादी वराने केलेली असावी. हे काम केवळ भगिनींचे, असे समजण्याचे दिवस संपले. बटण तुटले म्हणून आईला किंवा पत्नीला हाक मारणाऱ्या तरुणाने प्रथम सुईत दोरा ओवण्यास शिकावे.

पुढील वर्षीच्या संमेलनात एक टेबल मंडळाने राखून ठेवावे. त्यावर नवे काही नको. दुरुस्त केलेले, उलटविलेले, जोडलेले असे प्रत्येक घराने एकेक आणावे. आम्ही आमची गोधडी आणू. तिचे टाके वाकडे आहेत. परंतु आता ती ओसरीवरच अंथरलेली असते, आणि कोणीही आले तरी आम्ही ती उचलीत नाही. हे मातोश्रींना पाहावयास मिळाले नाही, एवढेच शल्य आहे. आपणांपैकी ज्यांच्या मातोश्री आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर माळ्यावर एकदा अवश्य हात घालावा.