आईचे दुखणे आणि मुलीची हजेरी



दम्याचा तीव्र झटका आला म्हणजे श्वासनलिका आकुंचित होतात, त्यांस आतून सूज येते आणि रोग्यास एक वाक्यही धड पुरे करवत नाही. अशा आईस रुग्णालयात हलविले की वडील तिच्याजवळ राहतात, आणि घरची चूल व धाकटे भावंड चौथीतल्या मुलीच्या अंगावर पडते. हजेरीपटावर मात्र केवळ गैरहजेरी दिसते. तिचे कारण शोधणे हे शिक्षकाचे काम होय.

शिक्षकाने त्याच सायंकाळी त्या घरी जावे. जाब विचारू नये. रात्री सोबतीस कोण आहे, एवढे आधी विचारावे. धाकट्यासाठी अंगणवाडी सेविकेशी बोलावे, म्हणजे थोरलीस शाळेत येता येईल व दुपारच्या पोषण आहाराने तिचे एक जेवण निभेल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी, असे वडिलांस सुचवावे. दमा संसर्गाने पसरत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे. नाहीतर मुले तिच्यापासून दूर बसतात.

आई परतल्यावर चुलीचा धूर व झाडलोटीची धूळ तिच्यापासून दूर ठेवावी. इनहेलरची सवय जडते, ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांवाचून औषध बंद करू नये. पुन्हा धाप वाढल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे मुलीसही शिकवावे.

आई बरी होऊन येईल तेव्हा मुलगी वर्गातच असावी, एवढी काळजी शाळेने वाहावी.