प्रोस्टेटची रचना आणि तिच्या कर्करोगाच्या अवस्था

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषाच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या अगदी खाली, जघनास्थीच्या मागे आणि गुदाशयाच्या पुढे असते. तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅम वजनाची, अक्रोडाएवढी असते आणि मूत्रमार्ग तिच्यातूनच खाली उतरतो. वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. तिच्या मागच्या-वरच्या बाजूला दोन वीर्यकोश असून त्यांचा स्राव वाहून आणणाऱ्या नलिकाही ग्रंथीतूनच मूत्रमार्गाला मिळतात. इतक्या अडचणीच्या जागी असल्यामुळे या ग्रंथीच्या आजाराचा विचार नेहमी तिच्या शेजाऱ्यांसह करावा लागतो.

ग्रंथीच्या अंतर्रचनेचे आज प्रमाण मानले जाणारे वर्णन जॉन मॅकनील या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाचे आहे. पूर्वीची खंडांमध्ये केलेली विभागणी बाजूला ठेवून त्यांनी ग्रंथी क्षेत्रांमध्ये विभागली. मागच्या व बाजूच्या कडेने पसरलेल्या परिघीय क्षेत्रात तरुण वयात ग्रंथीऊतीचा सुमारे 70 टक्के भाग असतो, वीर्यनलिकांभोवतीच्या मध्यवर्ती क्षेत्रात सुमारे 25 टक्के, आणि मूत्रमार्गाला बिलगलेल्या संक्रमण क्षेत्रात जेमतेम 5 टक्के. वयोमानानुसार होणारी साधी, कर्करोग नसलेली वाढ याच चिमुकल्या संक्रमण क्षेत्रात होते आणि मूत्रमार्गावर दाब आणते. म्हणून लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे हे त्रास मुख्यतः तिचे असतात. कर्करोग मात्र बहुतांशी परिघीय क्षेत्रात, म्हणजे मूत्रमार्गापासून दूर उगवतो आणि दीर्घकाळ काहीच जाणवू देत नाही. धार मंदावली म्हणजे कर्करोग झाला, किंवा धार चांगली आहे म्हणजे काळजी नाही, या दोन्ही प्रचलित समजुती या शरीररचनेपुढे टिकत नाहीत. परिघीय क्षेत्र गुदाशयाला लागून असल्यामुळेच गुदद्वारातून बोटाने केलेल्या तपासणीत त्यातील कडक गाठ हाताला लागू शकते.

कर्करोग किती पसरला हे सांगणारी टीएनएम ही पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात ‘टी’ म्हणजे मूळ गाठीचा विस्तार, ‘एन’ म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींची स्थिती आणि ‘एम’ म्हणजे दूरच्या अवयवांतील प्रसार. स्तनाच्या कर्करोगात ‘टी’ बव्हंशी गाठीच्या सेंटीमीटरांवर ठरतो, प्रोस्टेटमध्ये मात्र सेंटीमीटर मोजले जात नाहीत; गाठीने कोणती सीमा ओलांडली हे पाहिले जाते. बोटाला न लागणारी, केवळ सुईने घेतलेल्या तुकड्यात किंवा साध्या वाढीसाठी खरवडलेल्या ऊतीत सापडलेली गाठ टी1. हाताला लागणारी पण ग्रंथीच्या आतच असलेली टी2. वेष्टनाबाहेर पडलेली टी3ए आणि वीर्यकोशात शिरलेली टी3बी. मूत्रविसर्जनावर ताबा ठेवणारा बाह्य स्नायू, गुदाशय, मूत्राशय किंवा श्रोणीची भिंत गाठणारी टी4. एमआरआयचा वापर इतका वाढूनही, कर्करोगविषयक अमेरिकी संयुक्त समितीने प्रसिद्ध केलेल्या या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीनुसार उपचारापूर्वीचा ‘टी’ आजही बोटाने केलेल्या तपासणीवरच ठरतो, याचे अनेकांना नवल वाटते.

ज्या वेष्टनावर टी2 आणि टी3 यांतला भेद उभा आहे, ते खरे पाहता स्वतंत्र आवरण नव्हेच. ग्रंथीच्या कडेचा तंतू आणि स्नायू यांचा तो दाटलेला थर आहे, आणि ग्रंथीच्या टोकाशी व पुढच्या बाजूला तो स्पष्ट दिसतही नाही. मागच्या दोन्ही बाजूंनी शिश्नाच्या ताठरतेच्या मज्जातंतूंचे जुडगे रक्तवाहिन्यांसह खाली जाते, त्याच्या शाखा या थराला भेदून आत शिरतात, आणि याच वाटांनी कर्करोगाच्या पेशी अनेकदा बाहेर पडतात. हे जुडगे वाचवून ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये केली. तेव्हापासून, गाठ वेष्टनाच्या आत आहे की बाहेर, या प्रश्नाशी रुग्णाचे वैवाहिक आयुष्यही जोडले गेले.

दूरच्या प्रसारात हाडांचा क्रम पहिला, त्यातही श्रोणी आणि पाठीचा कणा यांचा. श्रोणीतील शिरा कण्याभोवतीच्या, झडपा नसलेल्या शिराजालाशी जोडलेल्या असतात, हे बॅटसन यांनी 1940 मध्ये दाखवले, आणि या पसाऱ्याचे एक कारण त्यात सापडते. ज्येष्ठ पुरुषाची नव्याने सुरू झालेली, विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी त्यामुळेच केवळ वयावर ढकलू नये.

मात्र केवळ विस्तारावरून अवस्था ठरत नाही. डोनाल्ड ग्लिसन यांनी 1966 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील पेशींच्या मांडणीवरून कर्करोगाची आक्रमकता मोजण्याची पद्धत मांडली; तिच्याच आधारे आज 1 ते 5 असे श्रेणीगट केले जातात. हा गट आणि रक्तातील पीएसए या प्रथिनाची पातळी टीएनएमला जोडून एकूण अवस्था काढली जाते. दोन रुग्णांची गाठ बोटाला न लागणारी, सुईच्या तुकड्यातच सापडलेली, दोघांचेही पीएसए 6 आणि प्रसार कुठेही नाही असे असले, तरी श्रेणीगट 1 असेल तर पहिली अवस्था आणि 5 असेल तर थेट तिसरी (सी). उलट, चौथ्या अवस्थेतही दोन भाग आहेत: रोग केवळ श्रोणीतील लसिकाग्रंथींपर्यंत पोचला असेल तर 4ए, हाडांत किंवा अन्यत्र दूर गेला असेल तर 4बी, आणि 4ए मधील काही रुग्णांवर किरणोपचार व संप्रेरकरोधक औषधे यांच्या साहाय्याने रोगमुक्तीच्या उद्देशानेही उपचार केले जातात. घराघरांत बोलला जाणारा ‘लास्ट स्टेज’ हा शब्द या वर्गीकरणात कुठेही नाही. तेव्हा निदान झाल्यावर ‘कितवी स्टेज?’ एवढेच न विचारता रुग्णाने आणि कुटुंबीयांनी टी, एन, एम, श्रेणीगट आणि उपचारापूर्वीचे पीएसए या पाचही गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात आणि दुसरे मत घेताना तो कागद सोबत न्यावा.