मोटारींतील जागल्या

पूर्वींच्या गांवगाड्यांत जागल्या असे. रात्रीं गस्त घालावी, कोठें कांहीं वावगें दिसल्यास हांक द्यावी आणि घरधन्यास जागें करावें, एवढेंच त्याचें काम. चोरास आवरणें हें त्याच्या एकट्याच्या हातचें नसे. पण त्याची हांक ऐकूनहि ज्यानें पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलें, त्याचें घर फुटलें तर दोष जागल्याकडे जात नसे.

मोटारीच्या चालकासमोर जे लहानसे दिवे लागतात, त्यांचें काम नेमकें या जागल्याचें आहे. कोल्हापुरांत राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत अशीं कितीतरी घरें आढळतील, कीं जेथें दहा-पंधरा वर्षांची गाडी घरच्या माणसाप्रमाणें सांभाळली जाते. तिच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा महिनोन्महिने जळत असतो. गाडी तर चालते, मग घरधनी उद्यमनगरांतील एखाद्या गॅरेजांत जाऊन म्हणतो, "मेस्त्री, तेवढा दिवा घालवून द्या." मेस्त्री यंत्र लावतो, दिवा जातो, आणि चार दिवसांनीं तो पुन्हां हजर होतो. मागणी दिवा घालविण्याची होती, दोष काढण्याची नव्हती. ती मेस्त्र्यानें पुरी केली, इतकेंच.

या दिव्यांची भाषा रंगांची आहे. तांबडा दिवा 'थांब' म्हणतो, पिवळा 'लौकर दाखवून घे' म्हणतो. तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा चालत्या गाडींत लागला, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. हा दिवा तेलाचें माप सांगत नाहीं, दाब सांगतो. तेल पुरेसें असूनहि पंप निकामी झाला तर तो लागतो, आणि तशा स्थितींत थोडें अंतर कापलें तरी इंजिन कायमचें जायबंदी होण्याचा संभव असतो. ब्रेकचा तांबडा दिवा हातब्रेक सोडूनहि जळत राहिला, तर बहुधा ब्रेकचें तेल उतरलेलें असतें. गळती नसेल तर पॅड झिजल्यामुळें तें उतरतें. अशा वेळीं वरून तेल ओतलें कीं दिवा जातो, पण झिजलेले पॅड झिजलेलेच राहतात. गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट उतरूं पाहणाऱ्या कुटुंबानें हा फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पिवळ्या इंजिन-दिव्याची कथा थोडी निराळी आहे. ॲम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत तेलाचा व चार्जिंगचा असे मोजकेच दिवे असत. बाकीचें कान देऊन ओळखावें लागे. पुढें धुराच्या नियंत्रणासाठीं इंजिनावर संगणकाची देखरेख आली. अमेरिकेंत १९९६ पासून नव्या मोटारींना दोष नोंदविण्याची एकच ठराविक पद्धत बंधनकारक झाली. युरोपांत पेट्रोलच्या गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. भारतांत ती २०१० नंतर, भारत स्टेज-४ च्या नियमांबरोबर रुळत गेली. त्यापूर्वींच्या गाड्यांत प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी असे, आणि कित्येकांत तर दिवा किती वेळां लुकलुकला तें मोजून दोष ओळखावा लागे.

ठराविक पद्धतीच्या गाडींत स्टिअरिंगखालीं सोळा खिळ्यांची एक जोडणी असते. तेथें स्कॅनर लावला कीं संगणक आपली नोंद सांकेतिक आंकड्यांत सांगतो. 'पी ०१७१' म्हणजे मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी. 'पी ०३००' म्हणजे ठिणगी किंवा ज्वलन मधूनमधून चुकतें. मात्र हा आंकडा लक्षण सांगतो, रोग सांगत नाहीं. हवा अधिक होण्याचें कारण एखादी चिरलेली रबरी नळी असेल, मळलेला सेन्सर असेल, किंवा दुबळा झालेला पेट्रोलपंपहि असेल. आंकडा वाचून लगेच महागडा सेन्सर बदलणें म्हणजे परीक्षा केल्यावांचून औषध देणें होय. आधीं नळ्या, जोडण्या व तारा पाहाव्या. पार्किंगमधील उंदरांनीं तार कुरतडली असेल, तर नव्या सेन्सरानेंहि दिवा जावयाचा नाहीं. आणि हा पिवळा दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागला, तर वेग कमी करून गाडी लौकरांत लौकर थांबवावी. अशा वेळीं न जळालेलें पेट्रोल धूरनळीकडे जाऊन तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून बिघडतो, आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो.

दोष खरोखरच दूर झाला असेल, तर दिवा घालविण्याची घाई करण्याचें कारण नाहीं. सामान्यतः सलग तीन फेऱ्यांत दोष पुन्हां न आढळल्यास तो आपोआप मालवतो. संगणकाच्या स्मरणांतील नोंद मात्र इंजिन सुमारें चाळीस वेळां तापून निवेपर्यंत टिकते. बॅटरीची तार काढून ठेवली तरी पुष्कळ गाड्यांत नोंद पुसली जाते. पण तिच्याबरोबर संगणकानें इंजिनाविषयीं शिकलेलें बाकीचेंहि पुसलें जातें, आणि कांहीं दिवस इंजिन अडखळतें. हवेच्या फुग्याचा दिवा या उपायानें सहसा जातच नाहीं. त्याचें कारण अनेकदां आसनाखालील सैल झालेली पिवळी जोडणी असतें. पण तेथें चाचणीचा बल्ब लावूं नये, फुगा अकस्मात् उडून इजा होण्याचें भय असतें.

कोल्हापुरास या विषयाची आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचें पाणी शहराच्या वस्त्यांत शिरलें. अशा पाण्यांत उभ्या राहिलेल्या गाडीच्या जोडण्यांत ओल व गाळ बसतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक कळकावें, तसा आंतील तांब्यावर हळूहळू कळंक चढतो. गाडी धुऊन-पुसून लखलखीत दिसते, आणि वर्षा-दोन वर्षांनीं एकामागून एक दिवे लागूं लागतात. अशी गाडी विकतांना नोंद पुसून दिवे घालविले, किंवा दिव्यावर काळी चिकटपट्टी लाविली, तर घेणारा फसतो. आणि ब्रेकचा किंवा फुग्याचा दिवा असेल, तर त्याच्या जीवाशींच तो खेळ होतो.

जुनी गाडी घेणाऱ्यानें यासाठीं एक सोपी परीक्षा करावी. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करूं नये. त्या क्षणीं इंजिन, तेल, बॅटरी, फुगा यांचे दिवे लागले पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर ते मालवले पाहिजेत. जो मुळीं लागतच नाहीं, त्याच्याविषयीं विक्रेत्यास स्पष्ट विचारावें. शिवाय स्कॅनर लावून संगणकाच्या तपासण्या पूर्ण आहेत कीं अपूर्ण, तेंहि पाहावें. बहुतेक तपासण्या अपूर्ण असल्या, तर नोंद नुकतीच पुसली गेली असण्याचा संभव आहे.

दिवा विझविण्यास दोन मिनिटें पुरतात. दोष शोधण्यास कधीं अर्धा दिवसहि लागतो, आणि त्या श्रमाची मजुरी मेस्त्र्यास आनंदानें दिली पाहिजे. गॅरेजांत गेल्यावर घरधन्यानें "दिवा घालवा" असें न म्हणतां "दिवा कां लागला, तें पाहा" असें म्हणावें. एवढा शब्दांचा फेर झाला, तरी घाटाच्या वळणावर गाडींत निश्चिंत बसलेल्या मुलाबाळांचें रक्षण होईल. जागल्यास गप्प बसविल्यानें चोर पळून जात नसतो.