धाग्याचे शास्त्र

१८८७ साली स्थापन झालेल्या, आज वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करणाऱ्या माटुंग्याच्या तंत्रसंस्थेने परळ-लालबागच्या गिरण्यांना तंत्रज्ञ दिले. १९८२च्या संपानंतर एकेक भोंगा थांबला. मग मुलाने वस्त्र-अभियांत्रिकी शिकावी कशाला, ही गिरणगावातील पालकांची शंका स्वाभाविकच. तिचे उत्तर स्वदेशी ‘तेजस’ विमान देते. त्याच्या सांगाड्याचा सुमारे ४५ टक्के भार संमिश्र पदार्थांचा आहे. त्यातील कार्बनतंतू म्हणजे हजार अंशांहून अधिक तापमानाला, प्राणवायूविना भाजलेला कृत्रिम धागाच! तो कसा ताणावा, कसा विणावा, हे वस्त्रविद्याच शिकविते. गिरणी बंद पडली, शास्त्र नव्हे. आजोबांनी मागावर हातांनी जाणलेले नातवाने प्रयोगशाळेत बुद्धीने जाणावे. राष्ट्राचे स्वावलंबन तेथूनच विणले जाईल.