समोर कोण बसलं होतं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ऐन वैशाखात संध्याकाळी खुर्च्या मांडून दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसायचं, ही सवय आपल्याला न्यायमूर्ती रानड्यांनी लावली. पुण्यात १८७५ साली त्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ती गावोगाव पसरली. आजच्या विषयात रानड्यांच्या घरातलंच एक पुस्तक पुढे यायचं आहे, म्हणून सुरुवातीलाच त्यांचं नाव घेतलं. पत्रिकेत विषय छापलाय ‘आपलं आयुष्य समजून घेताना आणि सांगताना’. मी तो जरा वळवून घेणार आहे. सांगणाऱ्याबद्दल बोलेनच, पण त्याच्या समोर कोण बसलं होतं, याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

एका प्रकाशकाकडे मी बरीच वर्षं हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायचं काम केलं. त्यात आत्मचरित्रांची रास कायम मोठी. पंचाहत्तरी जवळ आली की घरचे म्हणतात, बाबा, आता लिहाच. बाबा लिहितात. पहिलं प्रकरण ‘बालपण व संस्कार’, मग शिक्षण, मग नोकरी. जिथे जिथे बदली झाली त्या गावांची नावं, तिथल्या साहेबांची नावं, बढतीच्या तारखा. पत्नीला एक परिच्छेद, त्यात ‘तिची खंबीर साथ होती म्हणूनच’ हे वाक्य असायचंच. शेवटी शाल-श्रीफळाचे फोटो. सगळं खरं असतं हो, तारखाही बरोबर असतात. पण वाचून झाल्यावर माणूस भेटत नाही, त्याचं सर्व्हिस बुक भेटतं.

या मंडळींना लिहिता येत नसतं, असं मुळीच नाही. काहींची भाषा उत्तम असते. चहाला बसले की तेच बाबा असे काही किस्से सांगतात की हसून पुरेवाट होते. लिहिताना ते गप्प होतात, कारण लिहिताना समोर सत्कार समिती असते. आणि समिती कधी मधेच थांबवून ‘मग काय झालं?’ असं विचारत नाही.

आता जुन्या गोष्टीकडे जाऊ. मराठीतलं सगळ्यात जुनं आत्मकथन म्हणून संत बहिणाबाईंच्या अभंगांचा उल्लेख होतो. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. या सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावच्या. तुकोबांचा लागलेला ध्यास, ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा संताप, त्याची मारहाण, हे त्या स्वतः सांगतात. १७०० साली अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुलाला, विठोबाला, बोलावून घेतलं आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत त्याला सांगितली. पूर्वजन्म मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी स्वतः मानत नाही. पण एक गोष्ट मला विलक्षण वाटते. या बाईला आपलं आयुष्य सांगायचं तर ते जन्मापासून सुरू करून भागत नव्हतं, त्याच्याही मागे जावं लागत होतं. आणि ते सांगायला मुलगा समोर हवा होता.

आणखी एका बाईनं असंच केलं, सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळानं. तिच्याकडे बारा जन्म नव्हते, पण तीही जन्माच्या मागे गेली आणि तिच्याही समोर मुलगाच होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. पुढे त्यांचा मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची सामग्री जमवू लागला. आईकडे, लक्ष्मीबाईंकडेही, त्यानं आठवणी मागितल्या. त्याला हव्या होत्या वडिलांच्या आठवणी. लक्ष्मीबाई लिहीत गेल्या, आणि त्यातून झालं ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ साली आला. मुलानं वडील मागितले होते, त्याला आई मिळाली.

हे पुस्तक सुरू कुठून होतं ते पाहा. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. वेडच म्हणायचं, कारण बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यावं लागे. मीठ धुतलं तर काय उरणार! या माणसापायी घरातल्या बाईचे काय हाल झाले असतील, ते इथे बसलेल्या बायकांना सांगायला नको. असल्या घरात वाढलेल्या मुलीनं म्हातारपणी वडिलांबद्दल काय लिहावं? ‘कडक शिस्तीचे पण मनानं हळवे’ असं लिहून सारवून टाकावं, आपल्याकडे तसा रिवाजच आहे. नाहीतर सगळा राग बाहेर काढावा. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्या एका फाशीची हकीकत सांगतात. सत्तावनच्या बंडात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर जावयाच्या डोक्यात सोवळं शिरलं.

ही त्यांच्या जन्माच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट. त्यांनी पाहिलेली नाही. घरात कुणीतरी कधीतरी बोललं, ते कानावर पडलं असणार. पण लिहायला बसल्यावर त्यांनी ती नेमकी पहिल्या जागी ठेवली. फाशी, मग सोवळं, मग आईचे हाल, मग आपण. माझ्या मते आयुष्य समजणं म्हणतात ते याला. वडिलांना त्यातून माफी मिळते का? अजिबात नाही. त्या वेडाची टिंगल त्या अगदी मोकळेपणानं करतात. पण ते वेड आभाळातून पडलेलं नव्हतं, त्याला एक तारीख होती, हे त्यांना कळलेलं आहे.

आणि मग खरी गंमत पुढे आहे. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी स्वतःचं सोवळं काही लगेच सोडलं नाही; बाप्तिस्मा झाला १९०० साली. म्हणजे वडिलांच्या ज्या सोवळ्याला त्या हसतात, तेच काही काळ त्यांच्याही हाडीमासी मुरलेलं होतं. हे त्या लपवत नाहीत आणि त्यावर प्रवचनही देत नाहीत. वडिलांचं सांगितलं तितक्याच निगुतीनं स्वतःचंही सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला ही नजर आली कुठून? स्वभाव होता, विनोदबुद्धी होती, ते खरंच. पण समोर घरचा माणूस होता. त्याला भारदस्त वाटावं म्हणून काही लिहायची गरजच नव्हती, आणि त्याच्यापुढे थाप पचली नसती हेही आहेच.

रानड्यांच्या घरातलं पुस्तक म्हणजे रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’, १९१० सालचं. त्याला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. रमाबाईंना सांगायचंय पतीबद्दल, आणि त्या पतीबद्दलच सांगतात. तरी आज ते पुस्तक आपण वाचतो ते लिहायला-वाचायला शिकणारी एक मुलगी घरातल्या बायकांची बोलणी कशी खात होती, यासाठी. लिहिणाराला कडेचं वाटतं ते पुष्कळदा वाचणाराला मधलं वाटतं. सत्कार ग्रंथ लिहिणाऱ्यांनी एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी पुरे.

अभिनेत्री हंसा वाडकरांनी तर लिहिलंच नाही, सांगितलं. ‘सांगत्ये ऐका’चं शब्दांकन अरुण साधूंचं. त्यात सांगणाऱ्या बाईचा आवाज शाबूत आहे, मधेच तुटणारा, मधेच थट्टेवर जाणारा. पुढे त्यावरून श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ आला, तो तुम्ही पाहिला असेल. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये, १९७८ साली, वेगळीच तोड काढली. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ऐकतो दया पवार. म्हणजे एकाच माणसाचे दोघे झाले. शिकलेला, शहरात नोकरी करणारा पांढरपेशा दया, आणि त्याला गाठून आपली कहाणी ऐकवणारा, त्याला नकोसा वाटणारा दगडू. बाहेरचं ऐकणारं कोणी भरवशाचं वाटत नसेल तर माणूस आपल्यातूनच एक ऐकणारा काढतो.

आणि ज्यांना तेही शक्य नव्हतं, त्या बायकांनी जात्याला सांगितलं. पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या म्हणजे एका अर्थी महाराष्ट्रातल्या बायकांची आत्मचरित्रंच. गी प्वातवँ हे मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झालेले. त्यांनी आणि हेमा राईरकरांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, सासरचा जाच आहे, मरण आहे आणि बाबासाहेबही आहेत. समोरासमोर बसून जे बोलायची सोय नव्हती, ते जात्यावर बोलायची होती. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे खांदे सुटले, ते बरंच झालं. पण बोलायची ती हक्काची वेळही गेली. त्या वेळेच्या जागी आपण घरात काय ठेवलं, याचं उत्तर टीव्ही असं देऊ नका, मला वाईट वाटेल.

तुम्हाला वाटेल, ही सगळी मोठी माणसं. आमच्या घरी काय असणार? घरी विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं: ‘आमचं काय मेलं सांगण्यासारखं!’ हे उत्तर ऐकून लोक परत फिरतात. पण चूक प्रश्नात असते. ‘आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असं विचारलं तर कोणीही गांगरेल. पाणी कुठून आणायचीस, ते विचारा. घरात शेवटी कोण जेवायचं? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? आपल्याकडची जुनी माणसं वर्षं सन सांगून मोजत नाहीत, ती संकटांवर मोजतात. पुण्याची माणसं पानशेतच्या पुरावर, १९६१ च्या. साताऱ्याकडची कोयनेच्या भूकंपावर, १९६७ च्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत त्र्याण्णवचं ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’. गिरणगावात ‘संपात’ म्हटलं की तो ब्याऐंशीचा संप, दुसरा नाही. आणि बहात्तरचा दुष्काळ तर अर्ध्या महाराष्ट्राला पुरतो. दुष्काळात तू कुठल्या कामावर होतीस, खडी फोडायला की तलावावर, एवढं विचारून गप्प बसा. मिलो ज्वारीच्या लाल भाकरीपासून कुणाचं लग्न कसं मोडलं इथपर्यंत सगळं आपोआप येतं.

हे ऐकताना एक पथ्य पाळा. मधे दुरुस्ती करू नका. ‘अगं आई, ते आपण त्या घरात असताना नव्हतं’ असं म्हणालात की संपलं. काकांची आठवण वेगळी असेल तर ती वेगळी टिपून ठेवा. दोन भावांनी एकच वाटणी दोन तऱ्हेनं सांगितली, तर त्या दोन तऱ्हांतूनच ते घर कळतं. तलाठ्याच्या दप्तरात एकच तऱ्हा असते.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात अवघड वाटणारं. बेबी कांबळे. फलटणला त्यांचं लहानसं किराणा दुकान होतं. सामान बांधून यायचं ते वर्तमानपत्राचे कागद त्या वाचायच्या. आणि लिहायच्या, तेही लपवून. नवऱ्यापासून, घरातल्यांपासून लपवून, वीसेक वर्षं ते लिखाण तसंच पडून होतं. म्हणजे मघापासून मी जो समोरचा माणूस म्हणतेय, तो यांच्यापुढे नव्हताच. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे ते लिखाण बाहेर आलं, ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापलं गेलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक झालं. वीरगावचा महारवाडा, बाळंतिणीची भूक, कोवळ्या सुनांवरचे जुलूम, आणि मग बाबासाहेबांच्या हाकेनं बदललेलं जग. त्यात ‘मी’ फार कमी भेटते. पुस्तक समाजाचं आहे, असंच त्या म्हणत.

पुढे माया पंडितांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, २००८ साली तो आला. त्यासाठी घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी बेबीताईंना त्यांच्या स्वतःच्या संसाराबद्दल विचारलं. तेव्हा पुस्तकात नसलेलं बाहेर आलं: नवऱ्याचा संशय, त्याची मारझोड. तीनशे वर्षांपूर्वी संत बहिणाबाईंनी जे अभंगात सांगितलं होतं, ते या धीट बाईनं पुस्तकात सांगितलं नव्हतं. का, याचं उत्तर मी आपल्या पदरचं देणार नाही. इतर बायांच्या मारझोडीबद्दल त्यांनी हात राखून लिहिलेलं नाही, हे मात्र लक्षात घ्या. आणि पुस्तक निघून पुष्कळ वर्षं झाल्यावर, एका बाईनं समोर बसून विचारलं, तेव्हा त्या स्वतःबद्दलही बोलल्या.

तेव्हा घरी विचारायला बसाल तर हेही घडेल, याची तयारी ठेवून बसा. ‘हे लिहू नकोस’ असं म्हणून आई काही सांगेल. अशा वेळी फोनचं रेकॉर्डिंग बंद करा, उठू मात्र नका. ते सांगणं तुमच्यासाठी आहे, दिवाळी अंकासाठी नाही. बाकीचं जरूर रेकॉर्ड करा. सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं म्हणा. माझ्या एका मैत्रिणीच्या फोनमध्ये ‘आई नवीन’, ‘आई नवीन दोन’, ‘आई फायनल’ अशा फायली आहेत आणि कशात काय आहे, ते तिला सापडत नाही.

मी इथेच थांबते. अध्यक्षांना बोलायचं आहे, आणि सभागृह साडेआठला रिकामं करून द्यायचं आहे असं मला आल्या आल्या सांगितलेलं आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.