धन्यवाद, कविता मिळाली

आम्ही काही कविमित्रांनी एक संकेतस्थळ काढले. पानावरच्या चौकटीत कविता टाकायची, बटण दाबायचे, की लगेच उत्तर यायचे, 'धन्यवाद, कविता मिळाली.' महिनाभर धन्यवाद गेले; कविता एकही आली नाही. त्यात माझ्या खालाने नातवाकडून पाठवलेल्या जात्यावरच्या चौदा ओव्या होत्या. नातवाने कागद कधीच टाकून दिला होता.

स्क्रिप्ट लिहिली होती माझ्या भाच्याने, पीएचपीत. सर्व्हर लिनक्सचा. तिथे १९६९ साली बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या युनिक्सची रीत चालते. एकाच यंत्रावर अनेकांचा वावर, म्हणून प्रत्येक फाइलीला मालक, गट आणि इतर अशा तिघांचे हक्क वेगवेगळे. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. फोल्डरच्या बाबतीत चालवणे म्हणजे आत शिरणे. आमच्या फोल्डरचा आकडा होता ७५५ आणि मालक होता भाचा. पण स्क्रिप्ट चालते ती सर्व्हरच्या नावाने, भाच्याच्या नाही. या 'इतरा'ला आत जाता येई, वाचता येई. नवी फाइल ठेवता येत नसे.

एका जाणकाराने सांगितले, ७७७ करून टाका. म्हणजे त्या यंत्रावर ज्याचे खाते, त्याने यावे आणि कविता पुसून जावे! आम्ही ते केले नाही. फोल्डरचा गट सर्व्हरच्या गटाला दिला, आकडा ७७५ केला, आणि फोल्डर संकेतस्थळाच्या उघड्या भागाबाहेर हलवले.

खरा दोष मात्र आकड्यांत नव्हता. पानावर इंग्रजी तक्रार दिसू नये म्हणून भाच्याने लिहिण्याच्या आज्ञेपुढे 'ॲट'चे चिन्ह लावले होते. पीएचपीत त्याने तक्रार गप्प होते. लिहिणे फसले की आज्ञा 'फॉल्स' असे उत्तर देते. तेही कोणी पाहिले नाही. पुढच्याच ओळीत धन्यवाद! मला विचाराल तर हे खोटे बोलणेच झाले. आता ते उत्तर तपासले जाते. फसले तर कारण सर्व्हरच्या नोंदवहीत जाते, आणि कवीला दिसते, 'कविता जतन झाली नाही, प्रत जवळ ठेवा.' चौकटीतला मजकूरही तसाच राहतो.

खालाकडे पुन्हा गेलो. चौदांपैकी नऊ ओव्या तिला आठवल्या. त्या फोल्डरमध्ये आहेत, आणि माझ्या वहीतही.